हत्तिणीची डोणी

माझ्या जिभेला हाड नाही, हे साऱ्या वस्तीला ठाऊक आहे. तेव्हा म्हातारा भ्रमिष्ट झालाय ही बातमी माझ्याच तोंडून फुटली, याचं कुणाला नवल वाटलं नसेल. म्हातारा म्हणजे माझे सासरे. त्यांचं नाव मी घेत नाही. आम्हा सांबुरूंत कुठलीच सून घेत नाही. सासऱ्यासमोर खायचं नाही, त्यांच्याशी तोंड वर करून बोलायचं नाही. निरोप द्यायचा तो पोरांकरवी.

पाऊस दोन हंगाम फिरकला नव्हता. मिलगिस नदीच्या कोरड्या पात्रात आमच्या घराण्याची विहीर पुरुषभर खोल गेली होती. आत उतरायचं तर गडी अंगावरचं कापड काढून कुंपणावर टाकतात, गाणं म्हणत बादल्या वर देतात, आणि आमच्या गायी आमच्याच गाण्याला येतात, दुसऱ्याच्या गाण्याकडे ढुंकून बघत नाहीत. त्या वेळी तिकडे बाईमाणसाने फिरकायचं नाही. जुनी रीत अशी, की गुरं पिऊन गेली की पाण्याची लाकडी डोणी एकदा शेवटची भरायची, कुंपणाचे काटे बाजूला सारायचे आणि घरी यायचं. ते पाणी रानातल्या जनावरांचं.

यंदा ती रीत माझ्या नवऱ्याने, लेटोइयेने, मोडली.

"आपल्याच गायींना पुरेना, हत्तींचे लाड कोण करणार?" तो म्हणाला.

मामंजी त्याच्याशी खूप भांडले. "तुझ्या बापाने मोडली नाही, आज्याने मोडली नाही, तूच कोण मोठा लागून गेलास?" मी झोपडीतून ऐकत होते. खरं सांगते, मला नवऱ्याचंच पटलं होतं.

त्यानंतर म्हातारा बिघडला, असं मला वाटलं. पहाटे उठून नाहीसे व्हायचे. परत यायचे तेव्हा मांड्यांपर्यंत चिखल. मग दिवसभर बाभळीखाली झोपून काढायचे. मी माझ्या पोरीला, नासिएकुला, विचारायला पाठवलं, तर म्हणाले, "काम होतं." कसलं काम? गुरं हाकायला त्यांना कुणी बोलवत नव्हतं. बायकांमध्ये चहा पिता पिता मी म्हणाले, "आमचा म्हातारा चळलाय. रात्री-अपरात्री चिखलात लोळतो." बायका हसल्या. मलाही बरं वाटलं, आपलं बोलणं कुणी ऐकतंय म्हणून. मग मीच नवऱ्याच्या मागे भुणभुण लावली, की त्यांना मरालाल गावी नणंदेकडे धाडा. एखाद्या दिवशी खड्ड्यात पडून मरतील आणि बोल माझ्यावर येईल. मामंजींना ही वस्ती सोडायची नव्हती. सासूबाईंना इथेच मूठमाती दिली होती. पण नवऱ्याने नणंदेला कळवलं, गाडीचा दिवसही ठरला.

त्याच दिवसांत नैरोबीची वैरिमू आपली माणसं घेऊन आली होती. जीव काढणाऱ्या उन्हात जनावरं कशी तग धरतात, यावर तिला फिल्म काढायची होती. फाटक्या कानाची एक हत्तीण आणि तिचं पिल्लू, एवढ्यांच्याच मागे ती लागली होती. गडी विहिरीवर असताना कॅमेरा लावायचा नाही, हे तिने कबूल केलं आणि पाळलंही. माणसं घरी गेली की मग झाडाला बांधलेली कॅमेऱ्याची छोटी डबडी चालू करायची.

माझ्या नवऱ्याचीही तिने मुलाखत घेतली. हा गडी मणी-बिणी घालून, कोरड्या डोणीवर हात ठेवून उभा! "आम्ही सांबुरू आहोत. शेवटचं पाणी हत्तींचं. बापजाद्यांपासून." मी कुंपणाआड तोंडात कापड कोंबून हसत होते. काय तो आव!

मामंजी जायच्या आदल्या दुपारी वैरिमूने सगळ्यांना शाळेत बोलावलं. म्हणाली, फिल्म पुरी व्हायची आहे, पण तुमची आहे, आधी तुम्ही बघा. खिडक्यांना घोंगड्या लावल्या. पुढे म्हातारे, त्यांच्यात मामंजी. मागे आम्ही बायका.

सुरुवातीला मजा आली. वाळू, धूळ, मेलेला झेब्रा. पिल्लू आईच्या पायात अडखळून पडलं तेव्हा बायका "अगंऽ बाई" करून हळहळल्या. मग माझा नवरा दिसला, मणी घातलेला. "शेवटचं पाणी हत्तींचं." पोरांनी शिट्ट्या मारल्या. तोही ऐटीत बसला होता.

आणि लगेच पुढे पहाटेचा अंधुक उजेड. आमची विहीर. कुंपणावर टाकलेलं एक लाल कापड. ते मी ओळखलं. त्याचं भोक मीच शिवलं होतं. मग गाणं ऐकू आलं. आमचं गाणं, आमच्या गायींचं, पण धापा टाकत म्हटलेलं. विहिरीतून एक बादली वर आली, काठावर टेकली, डोणीत उपडी झाली. पुन्हा खाली गेली. बऱ्याच वेळाने पुन्हा वर. हत्तीण पिल्लाला पोटाशी धरून कुंपणाबाहेर शांत उभी होती, रांगेत उभी राहावी तशी. डोणी भरली तेव्हा मामंजी हातापायांवर रांगत वर आले. अंगावर सूत नव्हतं. बरगड्या मोजून घ्याव्यात असं शरीर, आणि मांड्यांपर्यंत चिखल.

सगळ्या बायकांनी खसकन तोंडावर कापड ओढलं. मी ओढलं नाही. मला बघायचं होतं. माझ्या डोक्यात एकच होतं, की हा माणूस वेडा नाही, नव्हताच कधी, आणि मी चार बायकांत काय काय बोलले.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून मामंजींनी मान वळवली. माझ्यासाठीच वळवली असणार, सून कुठे बसलीय ते बघायला. मी उघड्या डोळ्यांनी पडद्याकडे बघत होते, ते त्यांनी पाहिलं.

वैरिमू बिचारी आनंदात होती. "हे आजोबा कोण? सगळ्या फिल्ममध्ये मला सगळ्यात आवडलेलं हेच आहे!"

माझ्या नवऱ्याचं तोंड राखेसारखं झालं होतं. "ते कापून टाका," तो म्हणाला.

मामंजी काठी टेकून उठले. "हो, कापा. सून बसलीय इथे." आणि ते बाहेर गेले.

त्या संध्याकाळी नवरा त्यांच्या पाया पडला. जाऊ नका म्हणाला, डोणी मी भरतो म्हणाला, सगळ्या म्हाताऱ्यांसमोर रडला. मामंजींनी त्याला उठवून बसवलं. "भर. ते तुझं कामच आहे. पण मला आता इथे राहता यायचं नाही. सुनेने उघडं पाहिलं. तिच्या चुलीवरचं दूध मी कोणत्या तोंडाने पिऊ?"

माझ्यामुळेच ते जाणार होते, आधीही आणि आताही. आधीचं निदान गैरसमजातून झालं असं म्हणता आलं असतं, या वेळी मी जाणूनबुजून डोळे उघडे ठेवले होते. मी रात्रभर तळमळले.

सकाळी गाडी आली. त्यांचं गाठोडं आत गेलं. मला दुसरं काही सुचेना, मी नासिएकुला धरून कानात सांगितलं, "पळ. आजोबांना म्हणावं, आईने डोळे झाकले होते. तिने काही म्हणजे काही पाहिलं नाही."

पोरगी पळत गेली. मी दारात मान खाली घालून उभी राहिले. ते वाकून तिचं ऐकताहेत, एवढं मला तिरप्या नजरेने दिसलं. तिच्या डोक्यावर हात ठेवून ते काहीतरी बोलले.

ती परत आली तेव्हा गाडीचं इंजिन चालू झालं होतं.

"काय म्हणाले गं?"

"म्हणाले, आईला सांग, आजोबांनी खरं मानलं."

मी वर बघितलं तेव्हा मामंजी गाडीत चढून बसले होते.