आत्याच्या दुनळीसाठी काडतुसं

आत्याचे पाय सकाळपासून जमिनीवर नव्हते. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तिला झाडावरचं पान न् पान वेगळं दिसत होतं, आणि आज मैदानावर जुन्या बंदुकांची नेमबाजी होती. इतकी वर्षं कपाटात तोंड मिटून उभी असलेली वडिलांची दुनळी बंदूक आज तिच्या खांद्याला लागणार होती.

"काल झोपलीस का गं?" भिंगरीने विचारलं.

"झोप काय, रोजचीच आहे," आत्या म्हणाली.

भिंगरी तिची भाची. एका जागी बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं आणि आता दीड वर्षांची लेक ठमी तिला बसू देत नव्हती. ठमीच्या कानांवर मोठाले कानझाक लावून ती दोरीच्या अलीकडे उभी होती, पण सगळं लक्ष आत्याकडे. जणू नेम हिलाच धरायचा होता.

बंदूक दुरुस्त करणाऱ्या काकांनी नळ्या आतून-बाहेरून तपासून दिल्या होत्या. बंदूक धडधाकट, पण वयाची. त्यांनी निघताना बजावलं होतं, "हिला पासष्ट मिलिमीटरचीच काडतुसं घाला. कमी दाबाची, शिशाच्या छर्‍यांची. पोलादी छर्रे घातलेत तर नळ्या ओरबाडून काढतील."

काडतुसं आणायचं काम दादाने अंगावर घेतलं. दादा, भिंगरीचा थोरला भाऊ, शिंपी. अख्ख्या गल्लीच्या कमरा त्याच्या टेपला पाठ. काडतुसं त्याने आणली शिशाची, हलकी, अगदी सांगितल्यासारखी. फक्त डब्यावर आकडा सत्तरचा होता.

"दादा, हे सत्तर काय आहे?" भिंगरीने गाडीतच विचारलं होतं.

"मी स्वतः टेप लावला. अठ्ठावन्न भरलं. तयार कपड्यांवरसुद्धा वाट्टेल तो नंबर चिकटवतात, मी कधी विश्वास ठेवलाय? नळीत घालून पाहिलं, लोण्यासारखं गेलं. बंदूकही नीट मिटली. पासष्टाच्या जागेत अठ्ठावन्न, वर ढिलाई आहे."

मापात दादा चुकत नाही, हे घरात सगळ्यांनाच माहीत. भिंगरीनेही ते मानलं.

आता आत्याच्या आधीचा नेमबाज उभा होता. मातीची तबकडी आकाशात उडाली, धाड झालं, तबकडीचा भुगा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याने बंदूक सांध्यातून मोडून रिकामं काडतूस काढलं, ते घरंगळत दोरीखालून आलं आणि ठमीने झडप घालून थेट तोंडाकडे नेलं.

"थू, थू कर. शी आहे ते." भिंगरीने ते तिच्या मुठीतून सोडवलं. दुसऱ्या हातात आत्यासाठी तयार ठेवलेलं नवं काडतूस होतं. दोन्ही हातांकडे तिची नजर गेली आणि तिथेच खिळली.

रिकामं काडतूस नव्यापेक्षा चांगलं अर्ध्या पेराने लांब होतं. त्याच्या कडेवरही सत्तरच छापलं होतं.

"दादा, टेप."

"आत्ता? आत्याचा नंबर पुकारतायत."

"दे म्हणते ना."

दादाने खिशातून टेप काढला. रिकाम्याला लावला. सत्तर. नव्याला लावला. अठ्ठावन्न.

"हे मोठं असेल," तो म्हणाला, पण आवाजातला दम गेला होता.

"एकाच कंपनीचं, एकाच मापाचं आहे. तोंड बघ." नव्या काडतुसाचं तोंड घड्या घालून आत मिटलेलं होतं; रिकाम्याचं सरळ उघडं. "तू पँटची लांबी सांगतोस ती दुमड घातलेली की सोडलेली?"

दादाने नखाने एक घडी उचलून पाहिली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"घालताना मावतं," तो हळूच म्हणाला, "उडताना दुमड सुटते. आणि पुढे नळी अरुंद होते ना?"

"तिथेच. तोंड उघडायला जागा नाही. सगळा दाब मागे, त्या म्हाताऱ्या नळ्यांवर. आत्याच्या गालाशी."

आत्या तोवर जागेवर पोचली होती, बंदूक मोडून हातावर, दुसरा हात काडतुसासाठी मागे पसरलेला. भिंगरीने ठमीला दादाच्या कडेवर कोंबलं आणि दोरीखालून धावली.

सगळं ऐकून आत्याने पसरलेला हात मागे घेतला. मग खाली बघत म्हणाली, "म्हणजे आज नाही."

तिचा तो पडलेला चेहरा भिंगरीला बघवेना. तिने आजूबाजूला नजर फिरवली. सगळ्यांच्या कमरेला सत्तरचेच डबे. एका टोकाला मात्र मिशीवाले बसले होते, आत्याचे तरुणपणापासूनचे प्रतिस्पर्धी, आणि त्यांची दुनळी हिच्याइतकीच पुरातन.

"त्यांच्याकडे असतील," भिंगरी म्हणाली.

"त्याच्याकडे? त्यापेक्षा मी दगड मारून तबकडी फोडीन."

"मग मार दगड. मी विचारते."

"थांब," आत्या म्हणाली. "माझी बंदूक, मीच विचारते."

मिशीवाल्यांनी सगळं ऐकून घेतलं, मिशीला पीळ दिला. "देतो. पण हरलीस तर काडतुसांवर ढकलायचं नाही."

"आणि जिंकले तर?"

"तर काडतुसं माझी होती, हे चारचौघांत सांगायचं."

"सांगते. आण इकडे."

भिंगरीने डबा मध्येच पकडला. बारा नंबरची, आत्याच्या नळीच्याच जाडीची. पासष्ट. शिसं. कमी दाबाची, जुन्या नळ्यांसाठी. तिने एकेक शब्द मोठ्याने वाचला. काडतुसाच्या कडेवरचा आकडा दादाने दोनदा तपासला आणि मगच मान हलवली. या वेळी त्याने टेप खिशातच ठेवला होता.

आत्याने दोन्ही नळ्या भरल्या, बंदूक मिटली. 

पहिली तबकडी उडाली. आत्याला जरा उशीर झाला; छर्रे रिकाम्या आभाळात गेले. मिशीवाले खाकरले. दुसरी डावीकडून आली, आत्याचा खांदा तिच्याबरोबर वळला, धाड, आणि आकाशात नुसती तांबडी धूळ उरली.

भिंगरी नाचलीच. कडेवर ठमी नव्हती म्हणून बरं.

ठमीला भिंगरीकडे देऊन दादाने धावत जाऊन रिकामी काडतुसं उचलली, कडा चाचपल्या, नळ्यांत डोकावला, आणि मगच त्याचे खांदे सैल झाले. आत्याचं तिकडे लक्षही नव्हतं. ती मिशीवाल्यांपुढे हात पसरून उभी होती.

"अजून दोन दे. पहिली चुकली ती मला सलतेय."