चांदीपची ट्रायल

आमच्या ह्यांनी एकतीस वर्षं वालीवच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात काढली. पितळी व्हॉल्व्ह यायचे, हे उलटेसुलटे करून बघायचे आणि पास किंवा नापास असा शिक्का मारायचे. रिटायर होताना शिक्का खात्यात जमा केला, हात मात्र तसाच घरी आला. आता कोथिंबिरीची जुडी तपासतात, गॅसचा सिलिंडर तपासतात. आमच्या कृतिकाला सांगून आलेली दोन स्थळं ह्यांनी नापास केली. तिसरं तिने आम्हाला न दाखवता पास केलं आणि सुखात आहे.

रिटायर झाल्यावर ह्यांनी एक जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप घेतली. पोपटी रंगाची. आख्ख्या तालुक्यात त्या रंगाची दुसरी गाडी नाही, आणि का नाही ते ती बघितल्यावर कळतं. तीनदा चालवली. चौथ्यांदा तुंगारेश्वरच्या वाटेवर एका खड्ड्यात आदळली. गाडीला ओरखडा नाही, ह्यांच्या पाठीचा मणका सरकला. डॉक्टरांनी कमरेला पट्टा दिला आणि जीप बंद केली. मग ती वाडीत केळींच्या कडेला उभी राहिली. सीटखाली कोंबडीने अंडी घातली तेव्हा मला जीपची दया आली, आणि छप्पन्नाव्या वर्षी मी गाडी शिकले.

जीना माझी शेजारीण. तिच्या आणि आमच्या वाडीमध्ये एक बांध आहे, आणि त्या बांधावर आम्ही दोघींनी आयुष्याचा बराच वेळ उभ्याने घालवलाय. तिथेच ठरलं की डिसेंबरात जीप घेऊन कच्छचं पांढरं रण बघायला जायचं. दोघींनीच, आठ दिवस. मी आजवर ह्यांच्या कंपनीच्या सुट्टीप्रमाणे फिरले. कंपनीला दोनच सुट्ट्या माहीत होत्या, गणपतीची आणि मे महिन्याची, आणि दोन्हीत आम्ही माझ्या नणंदेकडे. मला एकदा तरी अशी जागा बघायची होती जिथे आमचं कुणी राहत नाही.

ह्यांनी पेपर खाली ठेवला. "रस्ता चुकलात तर?"

"मोबाइलमध्ये नकाशा आहे की."

"रेंज गेली तर?"

रेंजवर ह्यांना फावलं. "आकाशातून थेट दिशा घेणारं यंत्र लावा गाडीत. त्याला रेंज लागत नाही. आणि लावलं म्हणजे झालं नाही, ट्रायल द्यावी लागेल. चांदीपला सदानंदच्या खळ्यावर जाऊन यायचं. शेवटची वाट शेतातून आहे, पाटी नाही, काही नाही. मोबाइल बंद ठेवायचे. आणि तुमच्यापैकी कुणीही वाटेतून मला फोन केला, की कच्छ रद्द."

"आणि नाही केला तर?"

"तर जा," हे म्हणाले. शिक्का मारणाऱ्या माणसाचा शब्द असतो, एवढं मी ह्यांना ओळखते.

फर्डिनंडचं वालीवला गॅरेज आहे. जीपांना दिवे, दोरखंड, जाड टायर असलं काय काय तो लावून देतो, आणि मला गाडी त्यानेच शिकवली. त्याने टेबलावर दोन यंत्रं ठेवली. एक शाळेच्या पाटीएवढं, चकचकीत, त्यात एक बाई हिंदीत बोलायची. दुसरं साबणाच्या वडीएवढं, जाड रबरी, बटणांचं. ते बोलायचं नाही, नुसता बाण दाखवायचं.

"वहिनी, हे रस्त्याचं आणि ते रानाचं," फर्डिनंड म्हणाला. "हिला रस्त्याशिवाय काही माहीत नाही. त्याला रस्ताच माहीत नाही. जायचंय तिकडे बोट दाखवून मोकळा. पण गेलात त्या वाटेची रेघ ठेवतो, परत येताना त्या रेघेवरून यायचं."

"पडलं तर?" जीनाने विचारलं.

"मोठं पडलं तर ते फुटतं. छोटं पडलं तर पाय फुटतो."

"तू विकायला बसलायस ना रे?"

"दोन्ही लावून देतो. रविवारी फिरवा, सोमवारी एक परत आणा." मग त्याने सदानंदच्या खळ्याची जागा ह्यांना फोनवर विचारून दोन्ही यंत्रांत भरली, आणि जीनाने त्यांची नावं ठेवली. मोठी ती बाई, छोटी ती डबी.

ट्रायल म्हटली की निरीक्षक आला. ह्यांनी मनोरमावहिनींना बोलावलं, माझ्या थोरल्या जाऊबाई. वय अडुसष्ट, नायगावला टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर राहतात आणि लिफ्टमधून उतरतानाही शेजारच्याला "अकरावाच ना हा?" विचारून घेतात. हे त्यांच्या हातात कागद-पेन देत होते. त्या म्हणाल्या, "मला नको ते. मी डब्याची पिशवी धरते."

रविवारी नऊ वाजता निघालो. बाईने पुलापर्यंत छान नेलं. पुलानंतर म्हणाली, "दो सौ मीटर बाद बाएँ मुड़ें," आणि मी वळले ती एका नव्या टॉवरच्या गेटसमोर. तिच्या नकाशात तिथे रस्ता होता. टॉवरवाल्यांना ते कुणी कळवलं नसावं.

मी रिव्हर्स घ्यायच्या आत मागची काच खाली झाली. "अहो दादा, चांदीपला कसं जायचं?"

"वहिनी," जीना म्हणाली, "दोन-दोन यंत्रं लावलीत समोर."

"असू देत की. मी त्यांना काही बोलले का? माणूस उभा दिसला, विचारलं. न विचारता पुढे गेलं तर त्याला वाईट वाटतं."

वॉचमन गाडीला एक चक्कर मारून आला. "ही तपासणीतल्या विलाससाहेबांची गाडी ना? मी पॅकिंगला होतो." त्याने रस्ता सांगितला. बाई एकीकडे यू-टर्न घ्यायला विनवत होती, डबी गोदामाच्या भिंतीतून आरपार बाण दाखवत होती, आणि आम्ही वॉचमनने सांगितलेल्या रस्त्याने गेलो.

वालीव नाक्यावर वहिनींनी पानवाल्याला विचारलं. हायवे ओलांडल्यावर पंक्चरवाल्याला विचारलं. मग बस-स्टॉपवर बसलेल्या एका जोडप्याला विचारलं, ते तिथे नवीन होतं, तर उलट वहिनींनीच त्यांना त्यांची बस सांगितली. जीनाने एकदा दम देऊन पाहिला. "विलासभाऊंना कळलं ना, तर नापास करतील."

"विचारायचं नाही असं म्हणाला होता का तो?"

नव्हते म्हणाले. हा मुद्दा ह्यांच्या तपासणीतून निसटला होता.

डांबर संपलं तिथे बाईने हात टेकले. पुढे कापलेली भातशेतं, बांध आणि बैलगाडीची दोन चाकं गेलेली वाट. बाई तेच तेच सांगू लागली, संभव हो तो यू-टर्न लें, संभव हो तो. जीनाने तिचं बटण दाबलं. "पुरे गं, दमलीस."

आता डबीचं राज्य. बाण समोर, सातशे मीटर. मध्ये एक ओहोळ, पाणी घोट्याएवढं पण खाली चिखल. मी फर्डिनंडने शिकवल्याप्रमाणे दुसरा लिव्हर ओढला, चारही चाकांना ताकद मिळाली, आणि ती कोंबडीची अंडी उबवणारी जीप म्हशीसारखी फुरफुरत पाण्यात शिरून पलीकडे चढली. जीनाने छातीवर क्रूस केला. वहिनी मागून म्हणाल्या, "सावित्री, तू बरी चालवतेस की. मला वाटलं नुसती बोलतेस."

त्यांच्याकडून छत्तीस वर्षांत मला मिळालेली ही पहिली पावती. मी काच पुसायच्या निमित्ताने थोडं थांबले.

सदानंद खळ्यावर भात झोडत होता. हाही ह्यांच्याच कारखान्यातला, आता शेती बघतो. "कोन? वहिनी? तुमी चालवत आनली?" त्याने गाडीखाली वाकून बघितलं, जणू विलासभाऊ तिथे कुठे असतील. मग चहा झाला, वालाच्या शेंगा पिशवीत भरल्या गेल्या, आणि तो "गुरांना पानी दावून येतो" म्हणून घरामागे गेला. बराच वेळ गेला होता. गुरं समोरच चरत होती.

परतताना डबीने सकाळची रेघ दाखवली. तेच वळण, तोच ओहोळ. विचारायला जागाच उरली नाही. वहिनी थोड्या हिरमुसल्या, म्हणून ओहोळाकाठी करंजाच्या सावलीत डबे उघडले. भरली वांगी, जीनाने केलेला बोंबलाचा रस्सा, पाव. वहिनींचा डोळा लागला. आम्ही पाण्यात पाय सोडून बसलो आणि कच्छला कुठली चादर न्यायची ते ठरवलं. एकही फोन केला नव्हता. रण जवळजवळ हातात आलं होतं.

चार वाजता घरी पोचलो तर दाराला कुलूप.

समोरची पिंकी गॅलरीतून म्हणाली, "काकू, काका रिक्षाने चांदीपला गेले. मी सांगितलं कमरेचं बघा, तर ऐकलं नाही. पट्ट्यावर पट्टा बांधून गेले."

ओट्यावर खुर्ची, खुर्चीवर वही. तपासणी खात्यातलीच जुनी वही, ह्यांच्या कोरीव अक्षरात.

९.२५. टॉवरच्या गेटवरून वॉचमनचा फोन. तिघी ठीक. रिव्हर्स चांगला घेतला.
९.५०. नाक्यावरचा पानवाला. वहिनींनी विचारलं. तिघी ठीक.
१०.२०. पंक्चरवाला. मागच्या डाव्या चाकात हवा कमी वाटते म्हणाला.
११.४०. सदानंद. पोचल्या. ओहोळ स्वतः पार केला.
१२.१५. सदानंद. निघाल्या.

त्याखाली १२.४५ लिहिलं होतं आणि पुढे काही नाही. मग १.१५, आणि काही नाही. १.४५. २.००. २.१०. २.१५. पेन शेवटी कागदातून आरपार गेलं होतं.

"म्हणजे ह्यांच्या ओळखीच्या सगळ्यांनी ह्यांना फोन केला," मी म्हणाले.

"आपण सोडून," जीना म्हणाली. "आपल्याला का नाही लावला मग?"

"मोबाइल बंद ठेवायला सांगितलेले ना. त्यांनीच." मी माझा चालू केला आणि ह्यांना लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

वहिनी ओट्यावरूनच परत फिरल्या. "चल, गाडी काढ. माझा दीर तिकडे कुठे वाकून पडला असेल."

जाताना जीनाने बाईला सुरूच केलं नाही. डबीच्या रेघेवरून गाडी सरळ पळवली आणि पाच वाजायच्या सुमाराला डांबर संपलं तिथे पोचलो. रिक्षावाला वाट बघून निघायच्या तयारीत होता. काकांना इथेच सोडलं, शेतात रिक्षा जात नाही, ते चालत गेले, म्हणाला. कुठल्या दिशेने ते त्याने पाहिलं नव्हतं. डबी सदानंदच्या खळ्याकडे बाण दाखवून थांबली. खळं कुठे आहे ते तिला माहीत होतं, नवरा कुठे आहे ते नव्हतं.

मी काही बोलायच्या आत मागची काच खाली झाली होती. गवताचा भारा घेऊन एक बाई येत होती.

"अगो बाय, कमरेला पट्टा बांधलेला माणूस दिसला का?"

"कापडावरून पट्टा? त्यो काय, उडवीला टेकून बसलाय. मगाशी मलाच विचारीत होता, पोपटी गाडी दिसली काय म्हून."

हे भाताचे भारे रचलेल्या उडवीला टेकून बसले होते, खळ्याच्या अगदी उलट्या बाजूला, एका पायात चप्पल. दुसरी बांधावरच्या चिखलात राहिली होती. गाडी बघून उठायला गेले आणि अर्ध्यात थांबले. मी हात दिला.

"कुठे होतात?" ह्यांनी विचारलं.

"घरी."

ह्यांनी ते जरा वेळ तपासून पाहिलं. "मला फोन नाही केलात."

"तसंच ठरलं होतं, विलासभाऊ," जीना म्हणाली. "मग पास ना आम्ही?"

"वहिनींनी दहा जणांना रस्ता विचारला."

"चार," वहिनी म्हणाल्या. "आणि तू किती जणांना विचारलंस ते सांग."

हे गाडीत मागे, वहिनींच्या शेजारी, उशीला पाठ टेकून बसले. मी ओहोळाच्या बाजूला न जाता सपाटीवरून काढली, तरी प्रत्येक दणक्याला मागून हुंकार येत होता. थोड्या वेळाने म्हणाले, "ती डबी द्या बघू." जीनाने काढून दिली. आरशात दिसत होतं, हे चष्मा कपाळावर चढवून ती डोळ्यांजवळ धरून बसले होते.

"ही रेघ म्हणजे तुम्ही?"

"हो. ही जातानाची. तीच येतानाची."

"इथे गाडी तासभर हललीच नाही. बिघडली होती?"

"जेवलो. वहिनी झोपल्या. आम्ही पाण्यात पाय सोडून बसलो होतो."

"तासभर?"

"तासभर."

वसईचा पूल येईपर्यंत ह्यांचं बोट त्या रेघेवरून फिरत होतं. डबी परत दिली नाही.

सोमवारी सकाळी ह्यांनी स्वतः बाईला खोक्यात भरलं, वायर गुंडाळली, खोक्यावर 'परत' असं लिहिलं आणि फर्डिनंडसाठी माझ्या हातात दिलं. कच्छबद्दल एक अक्षर नाही. मीही विचारलं नाही. डबी घरात राहिली, म्हणजे आम्ही जाणार होतो.

संध्याकाळी मी भात लावत होते तेव्हा हे ओट्यावर वही आणि पट्टी घेऊन बसले होते. चहा द्यायला गेले तर नवीन पान आखलेलं. डिसेंबरच्या आठ तारखा एकाखाली एक, आणि पुढे तीन रकाने. सकाळ, दुपार, संध्याकाळ.

"तिकडे कुणी ओळखीचं नाही," हे पट्टीकडे बघत म्हणाले. "त्यामुळे फोन तुलाच करावा लागेल."

मी पेन घेतलं आणि दुपारचा रकाना वरपासून खालपर्यंत खोडला.

ह्यांनी पट्टी खाली ठेवली. मग म्हणाले, "संध्याकाळी मात्र सात वाजता."

"साडेसात," मी म्हणाले, आणि भात बघायला आत गेले.