सरपंच कुठं हाय?

बत्तीस वर्षं डोंगरवाड्यांतून टपाल वाटल्यावर सावळेराम निवृत्त झाले. पायांना विसावा मिळाला, पण जिभेला काम लागलं. सकाळी डेअरीवर दूध घालायला गेले, की दिल्लीचं सरकार किती दिवस टिकेल, मुंबईत कोणाची खुर्ची डळमळतेय, लग्नात नवरदेवाला घोडा कशाला हवा, या सगळ्यावर त्यांचं मत तयार असे. लोक कॅन रिकामा करता करता "व्हय नाना, व्हय नाना" म्हणत आणि हळूच सटकत.

अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीत त्यांनी ठरवलं, की नुसतं बोलून भागायचं नाही, पंचायतीला अर्जच द्यायचा. बसले आणि तीन पानं लिहून काढली. पहिल्या पानावर देशाची दशा होती. दुसऱ्यावर तालुक्याचं राजकारण आणि खैरवाडीच्या फाट्यावर एक भव्य कमान असावी, ही मागणी. तिसऱ्या पानाच्या तळाशी कागद संपत आला, तेव्हा बारीक अक्षरात एक ओळ घुसवली: वाडी आणि शाळेच्या मधल्या ओढ्यावर सध्या ओंडका टाकलेला आहे, तिथं मोरी बांधावी.

अर्ज घेऊन ते पंचायतीत गेले. सरपंचांच्या खुर्चीत सोपान बसला होता. सरपंचपद बाईसाठी राखीव झाल्यावर निवडून आली होती त्याची बायको प्रयागबाई, पण पहिल्या दिवसापासून खुर्चीत बसत होता सोपान. वाडीत कोणालाच त्यात वावगं वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर सावळेरामांनाही नाही.

"ठिवा नाना, बघतो," सोपान म्हणाला आणि कागदासाठी हात पुढं केला.

सावळेरामांनी कागद मागं घेतला. का, ते त्यांनाही क्षणभर कळलं नाही. हाताची जुनी सवय होती ती.

"बत्तीस वर्सं रजिस्टर ज्याच्या नावाचं त्याच्याच हातात दिलंय म्या," ते म्हणाले. "ह्याच्यावर नाव सरपंचाचं हाय. तू न्हाईस सरपंच."

सोपान हसला. "मग जावा शेतात. कांद्याची लागण चाललीया तिकडं."

सावळेराम खरंच गेले. वाफ्यात सात-आठ बाया ओणव्या होऊन रोपं खोचत होत्या. प्रयागबाईचे हात कोपरापर्यंत चिखलात होते.

"हात भरल्यात नाना. वाचून दावा," ती म्हणाली.

सावळेराम बांधावर उभे राहिले आणि खणखणीत आवाजात वाचू लागले. पहिल्या पानाला बाया खाली मान घालून रोपं खोचत राहिल्या. दुसऱ्याला एकमेकींकडं बघून हसू लागल्या. मोरीची ओळ आली, तशी प्रयागबाई ताठ उभी राहिली.

"ही वळ पुन्यांदा वाचा."

त्यांनी वाचली.

"ह्या साळुबाईचं मनगाट त्याच वंडक्यावरनं पडून मोडलं," शेजारच्या म्हातारीकडं बोट करत प्रयागबाई म्हणाली. "बाकीचं दिल्लीला धाडा नाना. येवढी वळ माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभंत तुमी फकस्त इचारायचं, सरपंच कुठं हाय म्हणून. फुडलं मी बघते."

आपल्या तीन पानांतून एकच ओळ उरली, याचं सावळेरामांना जरा वाईट वाटलं. पण इतक्या वर्षांत आपलं लिहिलेलं कोणी 'पुन्यांदा वाचा' म्हणालं नव्हतं. ते घरी गेले ते शीळ घालतच.

सव्वीस तारखेला झेंडावंदन झालं आणि शाळेच्या अंगणात सभा बसली. सोपान खुर्चीत होता. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी वाचून दाखवलं, की आलेल्या निधीतून फाट्यावर स्वागत कमान बांधायची आहे. माप घ्यायला जुन्नरहून महंमद हनीफ मिस्त्रीही आले होते. कमानीचं नाव ऐकून सावळेरामांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. अर्ज पंचायतीत दिला नव्हता, तरी त्यांच्याच मनातली मागणी होती ती! क्षणभर वाटलं, गप्प बसावं. मग मागच्या रांगेत बसलेली प्रयागबाई दिसली. ती त्यांच्याकडंच बघत होती.

ते उठले. "भाऊसाहेब, सरपंच कुठं हाय?"

सोपाननं मान खाली घातली.

"हितं हाय," मागून आवाज आला.

प्रयागबाई पदर खोचून माणसांमधून वाट काढत पुढं आली. आता नवरा-बायकोची जुंपणार, म्हणून लोक माना उंच करून बघू लागले. सोपान मात्र झटकन उठला.

"बस बाई बस," तो म्हणाला. "वरीसभर ह्या खुर्चीपायी माझी शेताची कामं तटल्यात. लोकं दाखल्यासाठी जेवू बी देत न्हाईत!"

सभा खदखदून हसली. प्रयागबाई बसली नाही. खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी राहिली. आवाज कापत होता.

"कमानीखालनं कोण जाणार?"

"पावणं," कोणीतरी म्हणालं.

"आन् वंडक्यावरनं?"

"आमची पोरं!" बायांची अख्खी रांग एकदम ओरडली.

तिचा आवाज आता सुटला. "पावणा वर्सातनं यकदा येतोय. कमान न्हाई म्हणून कुणी माघारी गेल्याचं म्या तरी ऐकलं न्हाई. मिस्त्री, कमानीच्या मालात मोरी व्हईल का?"

हनीफ मिस्त्रींनी टेप खिशात घातली. "आरामात व्हईल ताई. कमानीला उसाचा एक ट्रक धडकला का संपली. मोरी माझ्या नातवंडांच्या टायमालाबी ऱ्हाईल."

"मोरी पायजे त्यांनी हात वर करा."

सावळेरामांचा हात मांडीवरच राहिला. ती कमान त्यांनी मनात कितीदा तरी उभी केली होती, रंगासकट. इतक्यात साळुबाईनं आपला वाकडा जुळलेला हात वर केला. पुरता वर जाईना, तरी म्हातारी तो नेटानं धरून होती. सावळेरामांनी तो पाहिला आणि आपला हात असा उंच केला, की शेजारच्याची टोपी उडाली.

मे महिन्यात मोरी झाली. प्रयागबाई दर बुधवारी पंचायतीत बसू लागली. सुरुवातीला दाराशी चपलांचे दोन-तीन जोड दिसत, पुढं पुढं पायरी पुरेना.

आणि एका गुरुवारी पंचायतीचा शिपाई सावळेरामांच्या दारात नोटीस घेऊन उभा राहिला: आपल्या न्हाणीचे पाणी रस्त्यावर येते, आठ दिवसांत शोषखड्डा घ्यावा.

"मला? मला नोटीस?" सावळेराम कडाडले. मग चष्मा लावून त्यांनी खालची सही पाहिली. एकेक अक्षर सावकाश, दाबून काढलेलं होतं. प्रयागबाईचं पूर्ण नाव. ते बराच वेळ त्या सहीकडं बघत राहिले. कागद नीट घडी करून खिशात ठेवला आणि कुदळ शोधायला गोठ्यात गेले.

दुपारी प्रयागबाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन तिथून चालली होती. कमरेइतक्या खड्ड्यात घामाघूम झालेल्या सावळेरामांना बघून थांबली, वाकून डोकावली.

"बेस झालाय नाना," ती म्हणाली. "आजून हातभर खोल घ्या."