दुसरा चमचा

"अगं, सोडा मघाशीच घातलास," हे बार्टलीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तोवर त्याच्या बायकोचा, अट्रॅक्टाचा, चमचा पिठात रिकामाही झाला होता. तिला टोकलं की दिवसभर तिचं सगळंच चुकत जातं, म्हणून त्यानं ते गिळलं. ऐंशी वर्षांच्या माणसाला कधी बोलावं एवढं तरी कळायला हवं होतं.

डब्लिनहून लेक ब्रोना आली होती. मागच्या महिन्यात शेगडीवर रिकामा तवा लाल झाला, तेव्हाच तिनं बजावलं होतं, "आता आणखी एक घोटाळा झाला, की आईला वृद्धाश्रमात ठेवायचं." म्हणून तर आज हा सोड्याच्या पावाचा घाट. तीस वर्षं लेट्रिमच्या शाळेत पोरांना रांधून घातलेली बाई आपला हात शाबूत आहे हे लेकीला दाखवणार होती.

पाव कापला तर आत पिवळाधमक. ब्रोनानं घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"आई, साबण खाल्ल्यासारखं लागतंय गं!"

"माझा उपद्व्याप तो," बार्टली घाईनं म्हणाला. "ही ताक आणायला गेली, मला वाटलं सोडा राहिलाय. घातला चमचाभर."

"बाबा, तुम्ही?"

अट्रॅक्टानं एक तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला.

"पुरे रे. सोड्याचा डबा कुठल्या फळीवर असतो ते तरी ठाऊक आहे का तुला? पन्नास वर्षांत पिठाला बोट लावलं नाहीस, आणि आज माझ्यासाठी थापा मारतोस?" ती लेकीकडे वळली. "मीच घातला, दोनदा. मला आठवत नाही, पण पाव सांगतोय ना. कधी निघायचं?"

ब्रोनाचे डोळे भरले. "सोमवारी, आई."

या घरात एकटं राहायचं कसं, हे बार्टलीला कोणी शिकवलंच नव्हतं.

"ऊठ म्हाताऱ्या, हात धू," अट्रॅक्टा म्हणाली. "माझ्यामागं दुकानातला पाव खाशील, ते मला खपायचं नाही."

तिनं त्याच्याकडून पीठ चाळून घेतलं, एक चमचा सोडा घालायला लावला, ताक ओतवलं. तो जोर लावून मळायला लागला तशी कडाडली, "दगड करायचाय का? नुसता गोळा कर!" मग सुरी त्याच्या हातात दिली.

"वर क्रूस काप, चांगला खोल. म्हणतात ना, पावात पऱ्या अडकतात, त्यांना बाहेर पडायला वाट नको?"

बार्टलीला समोरचं धड दिसत नव्हतं. क्रूस वाकडा गेला. एरवी तिनं सुरी हिसकावून घेतली असती. आज तिनं पाव तसाच ओव्हनमध्ये सरकवला.