मिल्काबाईंचा पांढरा शालू

मिल्काबाई नवगावकर गुरुवारी पहाटे बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात वारल्या, आणि दुपार व्हायच्या आत त्यांच्या मुलीनं तिथल्या निम्म्या ज्यू मंडळींशी भांडण उकरून काढलं. सिपोरा एरवी भांडखोर नव्हती. पण तिनं आईला शब्द दिला होता, आणि तो पाळायला शुक्रवार दुपारपर्यंतचाच वेळ होता. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ, विसाव्याचा पवित्र दिवस, लागतो, मग दफन होत नाही. आणि यांच्यात मयत ताटकळत ठेवत नाहीत.

शब्द साधाच होता. "मला माझ्या लग्नाच्या पांढऱ्या शालूतच न्यायचं," मिल्काबाईंनी तिचा हात घट्ट धरून सांगितलं होतं. "लोक नाही म्हणतील. तू ऐकायचं नाहीस."

लोक नाही म्हणालेच. मयत बाईला अंघोळ घालून कपडे चढवणाऱ्या बायकांची एक मंडळी असते. तिची प्रमुख रूथ, सत्तरीची, बोलायला मऊ आणि नियमाला दगड. दफनभूमीशेजारच्या खोलीत तिनं टेबलावर लिननचे पांढरे कपडे मांडून ठेवले होते. खिसे नाहीत, गाठी नाहीत, राजाला आणि रंकाला एकच.

"रेशीम नाही, जर नाही," रूथ इंग्रजीत म्हणाली. "देवापुढे सगळे सारखे जातात."

"माझी आई तुम्हाला सारखी कधी वाटली होती?" सिपोरा कडाडली.

नवऱ्यानं, रूबेननं, तिचं कोपर धरलं. "सिपोरा, लेट इट गो ना. त्यांचे रूल्स आहेत."

"आयुष्यभर आईनं ह्यांचे रूल्सच फॉलो केले, रूबेन. एकदा तरी ह्यांनी तिचं ऐकायला नको?"

तिचं काही चुकत नव्हतं. मिल्काबाई रेवदंड्याहून आल्या आणि इथल्या सिनेगॉगमध्ये हॅटवाल्या बायकांत नऊवार नाही तरी सहावार नेसून बसल्या. "तुम्ही धर्म कधी बदललात?" असं त्यांना कितीदा तरी विचारलं गेलं. त्या हसून सांगत, "आमचे लोक कोकणात दर शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत होते, बाई, तेव्हापासून आम्ही हेच आहोत." घरी आल्यावर मात्र डोळ्यांना पदर लावत.

पण सिपोराच्या जिवाची खरी तगमग वेगळीच होती आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. लहानपणी मिल्काबाई तिला जुन्या गूढवादी लोकांची शिकवण गोष्टीसारखी सांगत. माणसाचा प्रत्येक दिवस म्हणजे एक धागा. दिवस चांगला घालवला की धागा विणला जातो, वाया घालवला की उसवतो. मेल्यावर आत्मा तेच वस्त्र नेसून देवापुढे उभा राहतो; ज्याचे दिवस वाया गेले, त्याचं वस्त्र तोकडं.

बारा वर्षांपूर्वी सिपोराला मुलगी झाली ती मेलेलीच. सिपोरा स्वतः बेशुद्ध होती, रूबेन तिच्या उशाशी होता, आणि बाळाला दफनाला आजीच घेऊन गेली. सिपोरानं पोरीचं तोंडही पाहिलं नाही. जिला एकही दिवस मिळाला नाही, तिचं वस्त्र कशाचं विणणार? माझी पोर तिथं उघडी उभी आहे, या एका विचारानं ती आतून पोखरली होती. आईला विचारायचा धीर कधी झाला नाही, आणि त्या थडग्याकडे तिची पावलं कधी वळली नाहीत. आता आईसुद्धा परक्या कपड्यात जाणार, म्हणजे आपल्या माणसांपैकी कुणालाच आपण धड नेसवून पाठवलं नाही, असं तिला झालं.

"निदान बघा तरी!" म्हणत तिनं पिशवीतला शालू काढला आणि भर टेबलावर उलगडला.

शालूला पदर नव्हता. कात्रीनं सरळ कापून घेतला होता.

सिपोरानं शालू उलटसुलट करून पाहिला. रूथनं मात्र कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "त्यांनी तुला शेवटपर्यंत सांगितलं नाही," ती म्हणाली. "मीच शपथ घातली होती."

मग तिनं सांगितलं. बाळाला कपडे चढवायला रूथच होती, आणि मिल्काबाई शालू घेऊन आल्या होत्या. "त्या म्हणाल्या, हिला स्वतःचे दिवस नाहीत, तर माझ्यातले द्या. मी नाही म्हणू शकले नाही. कात्री माझीच होती. पदर बाळाला गुंडाळला, वरून लिनन घातलं. आयुष्यात तेवढा एक नियम मोडला, म्हणून कुणाला कळू नये असं वाटलं."

"तुमच्या नियमापायी मी बारा वर्षं जळत होते!" सिपोरा मराठीतच ओरडली. रूथला शब्द कळले नाहीत, पण तिनं मान खाली घातली. सिपोरा टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडली. पोर उघडी नव्हती, हे कळल्यानंही रडू आवरत नव्हतं.

"उरलेला नेसून मी वर येईन, म्हणजे पोर मला ओळखेल, असं त्या म्हणाल्या होत्या," रूथ हळूच म्हणाली. "पण आज माझ्याबरोबर मंडळीतल्या आणखी तिघी आहेत, सिपोरा. त्यांच्यादेखत मला नाही जमणार."

सिपोरानं शालूची घडी घातली आणि निघाली.

शुक्रवारी मिल्काबाई लिननमध्येच गेल्या. सिपोरा आली ती मात्र शालू नेसून. पदर नसल्यामुळे तो खांद्यावर जेमतेम पोचत होता, तिथं तिनं सेफ्टी पिन लावली होती. वारा असा की कोटातली माणसं कुडकुडत होती. दफनाआधी मयताच्या मुलांनी अंगावरचं कापड फाडायचं असतं, आणि आईबापासाठी फाडलेलं पुन्हा नीट शिवत नाहीत. रूथनं कात्री काढून छातीच्या डाव्या बाजूला छेद दिला. तीच कात्री होती का, हे सिपोरानं विचारलं नाही. पुढचं तिनं स्वतःच्या हातानं फाडलं.

माती लोटून झाल्यावर सिपोरानं रूथला विचारलं, "माझी पोर कुठंय?"

रूथनं कुंपणाकडेचा एक बुटका दगड दाखवला. सिपोरा तिथं चिखलात गुडघ्यांवर बसली आणि अंगावरच्या फाटलेल्या शालूची कड हातात धरून दगडासमोर पसरली.

"बाळा, आजी येतेय," ती म्हणाली. "साध्याच कपड्यात येतेय. तुझा पदर बघून ती तुला ओळखेल. आणि हा बघ, बाकीचा शालू माझ्याकडे आहे. नीट बघून ठेव. मी तुझी आई."