खिडकीपाशी शशिधर

"अगं, कधी झालं हे? एक फोन तरी करायचास!"

वैजयंतीने प्रमोदिनीला प्रदर्शनाच्या हॉलच्या दारातच मिठी मारली. प्रमोदिनीच्या हातात काकडीच्या सँडविचचं ताट होतं. ते दोघींच्या मध्ये सापडलं आणि दोन सँडविचेस वैजयंतीच्या कोटाला चिकटली. पण वैजयंतीला त्याचं भान नव्हतं. तिच्या डोळ्यांतून खरंखुरं पाणी वाहत होतं.

"काय कधी झालं?" प्रमोदिनीने विचारलं.

"मोहन म्हणत होता, मंडळाच्या पिकनिकला डॉक्टर दिसले नाहीत म्हणून. मी म्हटलं, गुडघे दुखत असतील. अगं, आम्ही काय परके होतो? कार्डिफमध्ये राहून आम्हाला हे असं भिंतीवरून कळावं?"

प्रमोदिनीने मागे वळून पाहिलं.

रेडिएटरच्या वरच्या भिंतीवर तिने काढलेला फोटो लावला होता. सकाळी ती स्वतःच तो आणून देऊन गेली होती. काळ्या चौकटीत, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी बसलेला शशिधर. तिचा नवरा. आणि चौकटीच्या दोन्ही कोपऱ्यांवरून खाली, फोटोतल्या छातीवर रुळणारा, टपोऱ्या केशरी झेंडूंचा घसघशीत हार.

एका अर्ध्या क्षणापुरतं तिला खरंच वाटलं, की हा गेला आहे आणि आपल्यालाच कुणी कळवलेलं नाही.

"जिवंत आहेत ते!" ती इतक्या मोठ्याने म्हणाली, की चहाच्या टेबलाशी उभी असलेली माणसं वळून बघायला लागली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "वैजू, सकाळी उपम्यात मीठ कमी पडलं म्हणाले मला. बसने यायचेत आत्ता."

वैजयंतीचं रडणं थांबलं आणि तिथेच रागाने बस्तान मांडलं. "मग हार कुणी घातला? जिवंत माणसाच्या फोटोला? काढ आधी. अगं काढ, बघतेस काय!"

पण तेवढ्यात नेरिस आली. फोटोग्राफीच्या वर्गाची शिक्षिका, साठीची, केस पुरुषासारखे कापलेले, बोटांच्या पेरांवर केशरी डाग. ती फोटोखाली जाऊन अशी उभी राहिली, की जणू मांडवात नवरीची आई.

"कसा झालाय, कारियाद?" तिने विचारलं. वेल्शमध्ये लाडक्या माणसाला कारियाद म्हणतात. नेरिस बस ड्रायव्हरलाही म्हणायची. "माझ्या वाफ्यातली सगळी फुलं खुडली मी. सुई बोचून बोचून बोटं गेली. पण तुझा फोटो या वर्षीचा सगळ्यात चांगला आहे. मी म्हटलं, त्याला तुमच्या रीतीने मान द्यायचा."

प्रमोदिनी तिला दोष तरी कसा देणार? कारण ही रीत नेरिसला तिनेच शिकवली होती.

मार्चमध्ये नेरिस घरी चहाला आली होती. पॅसेजमध्ये सासू-सासऱ्यांचे फोटो होते, त्यांना चंदनाचे हार. नेरिस थांबली, बघत राहिली आणि म्हणाली, "किती सुंदर. हे कशासाठी?" तेव्हा चहा गाळला जात होता, बशीत चकल्या काढल्या होत्या. पाहुणी पहिल्यांदा घरी आलेली. तिला दारातच मेलेल्यांच्या गोष्टी कुठे सांगायच्या? प्रमोदिनी म्हणाली, "ज्यांचा आम्ही मान राखतो ना, त्यांच्या फोटोला हार घालतो." तिला वाटलं, तेवढ्यावर भागलं. अर्धं सांगून उरलेलं पदराखाली झाकायची तिची जन्माची सवय. या देशात आल्यापासून तर त्या सवयीने तिला फार सांभाळलं होतं.

आणि आता ते उरलेलं अर्धं भिंतीवर लटकत होतं.

तिने घड्याळाकडे पाहिलं. बस यायची वेळ झालीच होती.

हा फोटो तिने कसा मिळवला होता, ते तिचं तिलाच ठाऊक. मुलगा मिहीर केंब्रिजला गेल्यावर आणि शशिधर हॉस्पिटलमधून निवृत्त झाल्यावर घरात दोन माणसं आणि बरीचशी शांतता उरली. वाचनालयात वर्गाची जाहिरात दिसली. फिल्मवर फोटो काढायचे, डार्करूममध्ये स्वतः धुवायचे. तिने कुणाला न विचारता नाव घातलं. मिहीर फोनवर हसला होता. "आई, कोणी फिल्म नाही वापरत आता. तुझा कॅमेरा म्युझियममधला आहे, ऑनेस्टली." शशिधर म्हणाला होता, "चांगलं आहे. तुझा वेळ जाईल."

वेळ जाईल. तिला ते लागलं होतं. वेळ तिला घालवायचा नव्हता, धरायचा होता. चिपळूणकडच्या तिच्या माहेरी बायका हाताला काम असलं की तोंडाने ओव्या रचत. प्रमोदिनीला तो नाद होता, पण ओव्या मनातल्या मनात विरून जात. फोटो विरत नाही. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हातचं काहीतरी असं करावं, की जे संध्याकाळपर्यंत खाऊन किंवा घडी करून संपणार नाही, एवढाच तिचा हट्ट होता. आणि ते शशिधरने बघावं. "छान" म्हणू नये. नुसतं नीट बघावं.

"खिडकीच्या उजेडात माणूस काढा," असं नेरिसने सांगितलं होतं. शशिधर तयार होईना. "मी काय हिरो आहे? त्या कुंडीचा काढ." मग मार्चमधल्या एके सकाळी तो खिडकीपाशी घेवड्याच्या शिरा काढत बसला होता. जन्मभर ऑपरेशन थिएटरात लोकांना भूल देणारे त्याचे हात निवृत्तीनंतर रिकामे भांबावल्यासारखे दिसत. घेवडा दिला की शांत होत. बाहेर काहीतरी वाजलं, त्याने मान वर केली. तिने बटण दाबलं.

"काढलास?"

"नाही हो. फिल्म अडकली."

डार्करूममधल्या लाल दिव्याखाली तिने कोरा कागद औषधाच्या पाण्यात सोडला आणि ताट हलवत राहिली. ओठांवर आपोआप शब्द आले:

काळोखाच्या घरी, पाण्यात उजेड,
त्याला माझी ओढ, हळूहळू.

आधी भुवया आल्या. मग चष्म्याची कड. मग गाल, गळ्याखालची सैल कातडी, बटण चुकीच्या काजात गेलेला कार्डिगन, आणि खिडकीबाहेर बघणारे, कशाची तरी वाट पाहून थकलेले डोळे. ती दचकली. हा माणूस एवढा म्हातारा कधी झाला? रोज समोर बसून जेवणारा. हे आपल्या डोळ्यांना कसं दिसलं नाही, आणि एका कागदाला कसं दिसलं?

तिने तो फोटो घरी दाखवला नव्हता. प्रदर्शनातच दाखवायचा, असं ठरवलं होतं.

"अगं, काढतेस का मी काढू?" वैजयंती कानाशी कुजबुजली.

"तिचं मन मोडेल गं. बोटं बघ तिची."

"आणि भावोजींचं काय? घरातून चांगला माणूस निघाला आणि इथे येऊन स्वतःचंच..." वैजयंतीने जीभ चावली.

"मी स्टुलावर चढते, तू तिला चहाला ने," प्रमोदिनी म्हणाली. तिने स्टूल ओढलं, एक पाय वर ठेवला. आणि दार ढकलून शशिधर आत आला.

त्याने टोपी काढली, पाय पुसले. हॉलमधल्या इतरांना काहीच कळलं नव्हतं; ते केक खात होते. वैजयंतीने मात्र नवऱ्याचा, मोहनचा दंड धरला. शशिधर नेहमीच्या शिस्तीने पहिल्या फोटोपासून सुरू झाला. दीपगृह. मांजर. पाऊस पडून गेलेला फूटपाथ. प्रत्येकापुढे थांबत होता, खालची चिठ्ठी वाचत होता. प्रमोदिनी एक पाय स्टुलावर तसाच ठेवून उभी. हाक मारावी तर काय म्हणून मारावी?

तो रेडिएटरपाशी आला.

त्याने बघितलं. चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा लावला. मग तो जे काही बघत होता ते बघतच राहिला. फोटोकडे, हाराकडे, परत फोटोकडे. खालच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'खिडकीपाशी शशिधर. छायाचित्र: प्रमोदिनी देवस्थळी.' त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला तिने स्पष्ट पाहिला. इतकी वर्षं दुसऱ्यांना भूल देणारा हा माणूस, आज त्याचीच शुद्ध हरपते की काय असं तिला वाटलं.

"अहो..." ती म्हणाली.

"अगं," तो वळून हळूच म्हणाला, "निदान माझी वाट तरी बघायचीस."

मोहनला हसू आवरलं नाही. वैजयंतीने त्याला कोपर मारलं. प्रमोदिनीला हसता येईना आणि रडताही येईना. "अहो, तिला माहीत नव्हतं. मीच तिला अर्धवट सांगितलं होतं, मान द्यायला घालतात म्हणून..."

नेरिस हात पुढे बांधून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर नुसती उत्सुकता. "आवडला ना, डॉक्टर?"

शशिधरने तिच्या बोटांकडे पाहिलं. केशरी डाग, सुईने टोचल्याच्या खुणा. प्रमोदिनीला वाटलं, आता हा सगळं खरं सांगणार. डॉक्टरांना अर्धवट सांगता येत नाही.

"फार आवडला," तो इंग्रजीत म्हणाला. "फक्त आमच्याकडे एक पद्धत आहे. माणूस स्वतः हजर असेल, तर मान फोटोला नाही देत. माणसालाच देतात."

आणि त्याने तिच्यापुढे मान वाकवली.

नेरिसला क्षणभर समजलं नाही. मग ती लाजून लाल झाली, प्रमोदिनीच्याच स्टुलावर चढली, हार उतरवला आणि दोन्ही हातांनी त्याच्या गळ्यात घातला. चहाच्या टेबलाशी कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच.

"नाहीतर काय!" वैजयंती नाक पुसत म्हणाली. "हॉस्पिटलच्या सेंडऑफला गेलाच नव्हतात तुम्ही, भावोजी. गपचूप घरी येऊन गवत कापत बसलात. घ्या आता."

"वैजू, तुझ्या कोटाला सँडविच आहे," तो म्हणाला.

सगळे हसले. प्रमोदिनी हसली नाही. तिच्यासमोर आता दोन शशिधर होते, एक भिंतीवर आणि एक भिंतीखाली. मार्चमधला आणि जुलैमधला. भिंतीवरचा तसाच होता. खालच्याची मान हाराच्या वजनाने थोडी झुकली होती, आणि टाळ्या संपल्यावरही ती पूर्ण वर आली नाही. चारच महिने. तिला घाबरल्यासारखं झालं. वेळ धरायला निघाले होते मी, आणि धरला तो कुठला? जो होऊन गेला तो.

परतताना गाडी ती चालवत होती. शशिधरने हार काढून मांडीवर घेतला होता. गाडीभर झेंडूचा उग्र, हिरवट वास. ती वाट बघत होती. आपण वाट बघतोय हे त्याला कळू नये म्हणून रस्त्याकडे जरा जास्तच लक्ष देत होती.

"फोटो चांगला आलाय," शेवटी तो म्हणाला.

"हो?"

"तू फिल्म अडकली म्हणालीस तेव्हाच मला कळलं होतं. मी आपलं बघू दिलं तुला." तो खिडकीबाहेर बघत होता. "मला असं कुणी बघितलं नाही गं कधी. पेशंट बघायचे, पण ते मिनिटात झोपायचे. उठल्यावर कुणाला माझा चेहरा आठवायचा नाही."

एवढंच तर हवं होतं. सहा महिने ती याच वाक्यासाठी ताटं हलवत होती.

"एक कर," तो पुढे म्हणाला, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशा सुरात. "तो घरी आणलास की भिंतीवर लावू नकोस. कपाटात नीट ठेव. मिहीर ऐन वेळी गोंधळ घालेल, कुठला तरी पासपोर्टचा फोटो मोठा करून आणेल. माझे काका गेले तेव्हा तसंच केलं होतं, कान दिसत नव्हते. त्यापेक्षा हाच ठेव."

त्याहून मोठी पावती कुणी कुणाला दिली नसेल आणि त्याहून कडूही. तोंड सांभाळा, असं तिला म्हणावंसं वाटलं. पण तो चिडवत नव्हता. त्याला फोटो मनापासून आवडला होता, आणि आवडलेली वस्तू कुठे उपयोगी पडेल ते तो सांगत होता.

समोर घराजवळचा मोठा राउंडअबाउट आला. मध्ये कौन्सिलने लावलेली लव्हेंडरची झुडपं, अजून टिकलेलं संध्याकाळचं लांबट ऊन. तिने गाडी आत घातली. पहिला रस्ता गेला. दुसरा गेला. तिसरा त्यांचा होता.

तोही गेला.

"अगं, आपला एक्झिट गेला."

"जाऊ दे."

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने पाहिलं नाही. गाडी हळूहळू झुडपांभोवती वळत राहिली, आणि ऊन एकदा त्याच्या गालावर आलं, एकदा तिच्या.

"आणखी एक फेरी मारू," प्रमोदिनी म्हणाली.

"बरं," शशिधर म्हणाला, आणि सीटवर जरा सावरून बसला.