मावशीच्या मशीनमधलं तेज

छापखान्यातल्या पाच कॉम्प्युटरांभोवती चाळीस माणसं हात जोडून उभी होती. तेजोबाबा एकेका मशीनवर तळहात टेकवत, डोळे मिटत आणि मग माऊसशी जरा खुडबुड करत.

"यंत्रालाही नाडी असते, बाळांनो. ती मी जागी करतो!"

आणि खरंच, जे पान उघडेपर्यंत चहा निवायचा, ते चटकन उघडू लागलं.

"फक्त मशीन बंद करू नका. तेज उडून जाईल."

मशीनच्या दुरुस्तीचं काम माझं. बाबांच्या मुठीतला पेन ड्राइव्ह मला दिसला होता, म्हणून मी कोपऱ्यात हसू दाबत उभा होतो. तेवढ्यात वीज गेली. ती परत आली तेव्हा चार मशीनं पूर्वीसारखीच रखडत होती. पाचवं मात्र तसंच पळत होतं. ते माझ्या मावशीचं. छपाईआधी पडद्यावर पानं जुळवायचं काम तीच करायची.

बाबा क्षणभर गांगरले, पण गडी मुरलेला. "चौघांची श्रद्धा कच्ची, या ताईंची पक्की! हे तेज आता जायचं नाही." त्यांनी मावशीच्या डोक्यावर हात ठेवला. तिचे डोळे भरून आले.

माझं हसू पळालं. आदल्याच संध्याकाळी, ती घरी गेल्यावर, तिच्या मशीनचा वेग मी गुपचूप वाढवला होता. असं करताना पूर्वी एक मशीन जळालं होतं, म्हणून मालकांची सक्त मनाई होती. खरं बोललो तर नोकरी जाणार. मनात म्हटलं, यात कुणाचं काय बिघडतंय?

तिसऱ्या आठवड्यात मावशीचा उजवा हात लुळा पडला.

"ब्लड प्रेशरच्या गोळ्या कुणी बंद केल्या?" डॉक्टर कडाडले.

"तिनेच," मावसबहीण रडत म्हणाली. "म्हणायची, मशीनमधलं तेज टिकलं, मग माझ्यातलं का नाही टिकणार?"

दुसऱ्या दिवशी मी मालकांना, बाबांना, सगळ्यांना मावशीच्या मशीनपाशी उभं केलं.

"मशीन सुरू झाल्यावर प्रोग्राम चालवून वेग वाढवला, तर बंद करताच तो जातो. पुन्हा प्रोग्राम चालवावा लागतो. बाबांच्या पेन ड्राइव्हमध्ये तोच आहे. पण मशीन सुरू होतानाच आत शिरून, बायोसच्या, म्हणजे मशीनच्या मुळातल्या सेटिंगमध्ये वेग वाढवून ठेवला, तर तो राहतो. वीज गेली तरी. इथे तो मी वाढवला होता."

ती सेटिंग मी काढली. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. ते रखडलं. शेजारच्या मशीनमध्ये तीच सेटिंग केली. बंद, चालू. ते पळू लागलं.

"बाबा, मूठ उघडून हात लावा बघू!"

"आज यंत्र रागावलंय," म्हणत बाबा दाराकडे सरकले. मालकांनी मूठ उघडायला लावली. पेन ड्राइव्ह खाली पडला.

मालकांनी मला काढलं नाही. काढलं असतं तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी मावशीला सगळं सांगितलं. मग वाकड्या ओठांनी तिने एवढंच विचारलं, "तेव्हाच का नाही बोललास रे?"

चमत्कार दिसला की तो एकदा बंद करून पुन्हा चालू करून बघा. मात्र गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. आणि कारण माहीत असेल तर तिथल्या तिथे बोला. बाबाने थाप मारली, पण त्या थापेला पुरावा मी पुरवला.

मावशी आता डाव्या हाताच्या एका बोटाने पानं जुळवते. मालकांना विचारून मी तिच्या मशीनमध्ये ती सेटिंग पुन्हा केली, म्हणून ते वेगवान आहे. ते तिच्या बोटासाठी थांबून राहतं.